सात हजार चाळीस

सात वाजून बारा मिनिटांनी माझ्या फ्रिक्वेन्सीवर कुणीतरी शीळ घालायला लागलं.

माझी म्हणजे काही तिचा सातबारा माझ्या नावावर नव्हता. पण रोज सकाळी सात ते साडेसात तिथे आम्हा हौशी रेडिओवाल्यांची हजेरी लागायची आणि ती मी घ्यायचो. सांगली, कोल्हापूर, बेळगाव, रत्नागिरी असे पंचवीस-तीस जण आपापल्या घरातला सेट लावून एकाच फ्रिक्वेन्सीला जमायचे. मी एकेकाला पुकारायचो, तो आवाज द्यायचा, हवापाणी सांगायचा आणि बाजूला व्हायचा. याला आम्ही नेट म्हणायचो. चौदा वर्षं मी ते चालवलं. त्याआधी रेल्वेत मिरज जंक्शनला सिग्नल इन्स्पेक्टर होतो. लाल म्हणजे लाल आणि हिरवा म्हणजे हिरवा, हे अंगात मुरलेलं. माझ्या नेटवर कुणी मिनिटापेक्षा जास्त बोललं तर मी त्याला तिथल्या तिथे थांबवायचो, मग तो डॉक्टर असो की कलेक्टर.

तर शीळ. थरथरती, एकसुरी. थोडा वेळ यायची, थांबायची, पुन्हा यायची.

"कोण आहे? नाव सांगा," मी म्हणालो. "ही फ्रिक्वेन्सी बोलण्यासाठी आहे. डिजिटल सिग्नल इथे चालत नाही."

शीळ पुन्हा आली.

"ओ हसबनीस, जरा थांबा की," कोल्हापूरचे चौगुले मध्ये पडले. त्यांनी रेडिओला कॉम्प्युटर जोडलेला होता. "माझ्या पडद्यावर अक्षरं उमटायला लागल्यात. 'खातू हजर. खातू हजर.' अहो, आपले देवरुखचे खातू हायत हे!"

मला ते चौगुल्यांनी सांगायच्या आधीच कळलं होतं. आज इतक्या वर्षांनी लिहितोय तर खरं तेच लिहितो. पहिली शीळ आली तेव्हाच कळलं होतं.

मधुसूदन खातूचं देवरुखला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याची माझी दोस्ती वीस वर्षांची, आणि त्या वीस वर्षांत समोरासमोर भेटलो ते फक्त तीनदा. बाकी सगळी दोस्ती हवेतली. आवाज असा खणखणीत की त्याने हजेरी दिली की माझी बायको शरयू स्वयंपाकघरातून म्हणायची, "तुमचे खातू आले." मी नियम सांगायचा आणि त्याने तो मोडायचा, असं आमचं ठरलेलंच होतं. "काय रे सिग्नलवाल्या, आज तरी हिरवा दाखव की!" असं म्हणून तो सुरू व्हायचा. फणस किती लागले, दुकानात कुणी कसला डबडा रेडिओ आणून टाकला, एसटी कुठल्या वळणावर बंद पडली. मिनिट संपलं की मी त्याला तोडायचो. तो हसत म्हणायचा, "बरं बाबा, त्र्याहत्तर." त्र्याहत्तर म्हणजे आमच्या भाषेत शुभेच्छा, बोलणं संपवताना म्हणायचं.

नोव्हेंबरात पुण्याला त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. कॅन्सर होता. स्वरयंत्रच काढून टाकलं. खातू वाचला, पण आवाज गेला. आमच्यात आवाज नसला तरी चालतं, कारण मोर्स येतं. टिंब आणि रेघ. पण खातूच्या हाताला चार वर्षांपासून कंपवात होता. एक टिंब मारायला जावं तर पाच पडायची. म्हणून त्याने ही तिसरी वाट धरली होती. कॉम्प्युटरवर एका बोटाने एकेक अक्षर टाइप करायचं, कॉम्प्युटर त्याची शीळ करून रेडिओतून सोडतो, आणि दुसरीकडचा कॉम्प्युटर त्या शिळेची पुन्हा अक्षरं करतो.

हे सगळं मला ठाऊक होतं. पण मागच्याच वर्षी नेटसाठी नियमांचं पत्रक मी स्वतः तयार केलं होतं. कोणत्या फ्रिक्वेन्सीला बोलायचं, कुठे मोर्स, कुठे डिजिटल, सगळं कलमवार. त्याच्या प्रती सगळ्यांना पोस्टाने पाठवल्या होत्या. आणि आता तीस माणसं ऐकत होती. एकाला सोडलं की उद्या दहा जण शिळा घालत येतील, हा विचार तेव्हा मला फार मोठा वाटला.

"खातू," मी म्हणालो, "ही बोलण्याची जागा आहे. फ्रिक्वेन्सी मोकळी करा."

शीळ मधेच तुटली. एरवी नेटवर कुणी ना कुणी पटकन काहीतरी बोलतं. त्या दिवशी कुणी बोललं नाही. मी पुढचं नाव पुकारलं.

सेट बंद करून वळलो तर शरयू दारात उभी होती.

"ज्याचा गळा कापलाय त्याला सांगता, ही बोलण्याची जागा आहे?"

"अगं, नियम मी केलेला नाही."

"पत्रक कुणी केलंय मग? मी?"

दिवसभर तिने माझ्याशी धड शब्द काढला नाही. आमटी अळणी झाली होती, तरी मी मुकाट्याने जेवलो.

संध्याकाळी खातूला पत्र लिहायला बसलो. फोन करून उपयोग नव्हता. त्याला बोलता येत नव्हतं आणि त्याच्या बायकोशी, इंदुवहिनींशी काय बोलावं ते मला सुचत नव्हतं. पत्राची पाच पानं फाडली. चूक झाली, एवढे दोन शब्द लिहायचे होते, ते काही हातून उतरेनात. शेवटी पोस्टात टाकलं ते असं होतं:

"प्रिय खातू, डिजिटलसाठी सात हजार चाळीस किलोहर्ट्झ ही फ्रिक्वेन्सी आहे. येत्या सोमवारपासून, म्हणजे बारा जानेवारीपासून, रोज सकाळी पावणेआठ ते आठ मी तिथे बसेन. तू ये. हवं तेवढं बोल, मिनिटाची अट नाही. पत्रकाची प्रत सोबत आहे. नीट वाच आणि त्याप्रमाणेच सेट लाव. तिथे तरी गडबड करू नकोस. तुझा, हसबनीस."

मिनिटाची अट नाही, हीच माझी माफी होती. खातूला ती कळेल याची मला खात्री होती.

सोमवारी पावणेआठला मी तयार. डिजिटलवर मी आयुष्यात दोन-चारदाच बसलो असेन, त्यामुळे मुलीचा जुना कॉम्प्युटर आदल्या दिवशीच जोडून ठेवला होता. डायल फिरवून सात हजार चाळीसवर आणला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक निळा पट्टा वरून खाली सरकत असतो. कुणी सिग्नल सोडला की त्या पट्ट्यात पिवळी रेघ उमटते. तिच्यावर माउसने टिचकी मारली की अक्षरं वाचता येतात. मी टाइप केलं, "खातू, हसबनीस हजर." पाठवलं आणि वाट पाहिली. पट्टा निळाच्या निळा. पुन्हा पाठवलं. आठ वाजले.

"आले का खातू?" शरयूने विचारलं.

"पत्र पोचलं नसेल."

मंगळवारी तेच, बुधवारी तेच. गुरुवारी पट्ट्याच्या अगदी डाव्या कडेला, जिथे पट्टा संपतो तिथे, एक पुसट रेघ दिसली. येत होती, जात होती. तिच्यावर टिचकी मारली तर काही उमटेना.

"शरयू, मिक्सर बंद कर गं जरा. इकडे खरखर येतेय."

"मिक्सर कुठे चालू आहे? मी भाजी निवडतेय."

मग शेजाऱ्यांचा पाण्याचा पंप असेल, असं मी ठरवून टाकलं. पुढेही ती रेघ रोज दिसे. मी तिच्याकडे लक्ष देणं सोडून दिलं.

शनिवार उजाडेपर्यंत माझं डोकं तापायला लागलं होतं. पत्र नक्की पोचलं असणार. मी वयाने दोन वर्षांनी मोठा. मी पुढे होऊन लिहिलं, रोज पंधरा मिनिटं भिंतीकडे बघत बसतोय, आणि हा मात्र फुगून बसलाय. चौगुल्यांना एक शब्द बोललो असतो तर त्यांनी कान देऊन पाहिलं असतं. पण खातू माझ्यावर रुसलाय हे चारचौघांना कशाला सांगा! एकोणीस तारखेला, आठव्या दिवशी, मी शेवटचं बसलो. बरोबर आठ वाजता लॉगबुकात लिहिलं: "हाक दिली. उत्तर नाही." आणि कॉम्प्युटरवर कापड घातलं.

"दोन दिवस अजून बसा," शरयू म्हणाली.

"मी काय त्याचा नोकर आहे?"

मला वाटलं, आता त्याची पाळी आहे; येईल पत्र.

तीस जानेवारीच्या नेटवर चौगुल्यांनी हजेरीच्या आधीच आवाज दिला. "हसबनीस, वाईट बातमी हाय. देवरुखचे खातू काल सकाळी गेले."

आमच्यातला कुणी गेला की नेटवर एक मिनिट कुणी बोलायचं नाही, असा रिवाज आहे. मिनिट मीच मोजायचं. मी घड्याळ समोर घेतलं आणि "आता" म्हणालो. तीस सेट चालू होते आणि सगळीकडून फक्त हवेची सूं सूं येत होती. साठ सेकंद झाले, सत्तर झाले, दोन मिनिटं झाली. शेवटी चौगुल्यांनीच हळूच विचारलं, "हसबनीस, हाय का?"

त्या दिवशी हजेरी मी घेतली नाही.

बाराव्याला देवरुखला गेलो. मिरजेहून कोल्हापूर, तिथून आंबा घाट उतरून साखरपा, आणि पुढे दुसरी एसटी. घर बाजारपेठेच्या मागे होतं. माणसं जेवून पांगली होती. इंदुवहिनींनी मला ओळखलं ते आवाजावरून. वीस वर्षं रोज सकाळी त्या घरात माझा आवाज घुमत होता.

"या भावोजी," त्या म्हणाल्या. "बसा." आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवून सरळ विचारलं, "तुम्ही का नाही हो आलात?"

मला वाटलं, अंत्यविधीला म्हणताहेत. "मला कळलंच दुसऱ्या दिवशी, वहिनी."

"ते नाही म्हणत मी. सकाळचे का नाही आलात? तुमचं पत्र आलं तेव्हा हे लहान मुलागत नाचायचे बाकी होते. मी म्हटलं, उत्तर तरी टाका. तर पाटीवर लिहिलं, 'उत्तर कशाला, सोमवारी बोलतोच.' मग रोज सातला उठून बसायचे. अंगात ताप असला तरी. शेवटी शेवटी तर मी मागून धरायची, तेव्हा बसता यायचं. मी म्हणायची, अहो, नाही येत ते, कशाला जिवाला त्रास करून घेता? तर लिहायचे, 'हसबनीस नियमाचा माणूस आहे. लिहून दिलंय, म्हणजे येणारच.'"

त्या उठून आतल्या खोलीत गेल्या आणि मला हाताने बोलावलं. खिडकीखाली खातूचं टेबल. सेट, कॉम्प्युटर, बाजूला शाळेतली काळी पाटी आणि लॉगबुक. "हे गेल्यापासून कुणी हात लावलेला नाही," त्या म्हणाल्या.

मी वही उघडली. अक्षर कंपवाताने विसकटलेलं, पण रकाने जिथल्या तिथे. तारीख बारा जानेवारी, वेळ पावणेआठ, फ्रिक्वेन्सी सात हजार चाळीस. कुणाला हाक दिली: हसबनीस. उत्तर आलं का, हा रकाना कोरा. शेवटी शेऱ्याच्या जागी लिहिलं होतं, "साहेबांचा चहा व्हायचा असेल." तेराला: "हवा खराब?" पंधराला: "अजून रागात आहे." एकोणीसला शेरा नव्हता. एकवीसला: "पत्रक पुन्हा वाचलं. मी बरोबर जागेवर आहे." आणि अशा ओळी अठ्ठावीस तारखेपर्यंत. एकूण सतरा. शेवटच्या ओळीतलं माझं नाव अर्धंच होतं.

"वहिनी, मी होतो," मी म्हणालो. "खरंच होतो. इथे लिहिलंय त्याच फ्रिक्वेन्सीला, त्याच वेळेला. हा इथे असता तर मला दिसला असता."

माझ्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं, आणि मलाही.

मी सेटचं बटण दाबलं. सेटला शेवटची जागा लक्षात राहते. डायलवर आकडा उजळला: सात हजार अडतीस पूर्णांक पाच. सात हजार चाळीस नव्हे. दीड किलोहर्ट्झ खाली.

सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला हायसं वाटलं. खातू चुकला होता! आयुष्यभराचा गबाळ्या, शेवटीही गबाळेपणाच केलान! मी वहिनींना सांगायला वळलो आणि टेबलामागच्या भिंतीवर माझंच पत्रक दिसलं. चार कोपऱ्यांना चार टाचण्या. चौथ्या कलमाखाली लाल पेन्सिलीने दोनदा रेघ मारलेली, थरथरत्या हाताची.

"कलम चार. दिलेली फ्रिक्वेन्सी ही सिग्नलच्या मध्याची समजावी. डायलवर तोच आकडा लावू नये. डिजिटलसाठी डायल दीड किलोहर्ट्झ खाली ठेवावा, म्हणजे सिग्नल आपल्या जागी पडेल."

खाली सही: दि. वा. हसबनीस.

खातूने माझा नियम तंतोतंत पाळला होता. वीस वर्षांत पहिल्यांदा. आणि तो नियम लिहिणाऱ्याने, तीस वर्षांच्या बोलण्याच्या सवयीने, हात गेला तसा सरळ चाळीसवर डायल आणून ठेवला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण. सिग्नल डायलच्या आकड्याच्या दीड किलोहर्ट्झ वर पडतो, आणि सेटला डायलच्या वरचा अडीच-पावणेतीन किलोहर्ट्झचाच तुकडा ऐकू येतो. माझी हाक त्याच्या तुकड्याच्या थोडी वर पडत होती आणि त्याची माझ्या तुकड्याच्या अगदी डाव्या कडेवर. ती पुसट रेघ. जिला मी मिक्सर म्हणालो, शेजाऱ्यांचा पंप म्हणालो, तो खातू होता. 'खातू हजर' म्हणत होता.

मी खुर्चीत बसलो आणि रडलो. बाईमाणसासमोर रडू नये वगैरे काही आठवलं नाही.

वहिनींनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "काय झालं ते मला कळेल असं सांगा."

"त्याचं बरोबर होतं, वहिनी. माझं चुकलं. आम्ही दोघं होतो, पण मी थोडा बाजूला होतो."

"थोडा म्हणजे किती?"

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. त्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या आवारामध्ये कमरेएवढा दगडी गडगा होता. "तेवढा," मी म्हणालो. "गडग्याच्या पल्याड मी, अल्याड तो."

"मग हाक मारायची नाही का?"

"हाकच मारत होतो दोघं."

वहिनींनी वही स्वतःपुढे ओढून कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथे काय लिहितात?"

"उत्तर आलं का, ते."

"मग तुम्ही दिलं होतंत ना? लिहा तर."

दुसऱ्याच्या लॉगबुकात अक्षर लिहायचं नसतं. नेटवर हे मी कितीदा बजावलं असेल. मी खिशातून पेन काढलं. बारा तारखेसमोर लिहिलं, "उत्तर दिलं. हसबनीस." तेराला तेच, चौदाला तेच. वहिनी शेजारी उभ्या राहून प्रत्येक ओळ बघत होत्या. एकोणीसपर्यंत आलो आणि पेन थांबलं.

"पुढचं?" त्यांनी विचारलं.

खोटं लिहिता आलं असतं. त्यांना कधी कळलं नसतं.

"पुढे मी नव्हतो, वहिनी," मी म्हणालो. "आठ दिवस बसलो आणि उठलो. मला वाटलं, तो रुसलाय."

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या हातातून पेन घेतलं, त्याचं टोपण लावून परत माझ्या खिशाला अडकवलं, आणि शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली. आठ ओळी भरल्या होत्या. खालच्या नऊ ओळींत तो एकटाच होता.